‘मना काय नको’ सांगणाऱ्याला नारळी पौर्णिमेला द्यायचं काय?



नारळी पौर्णिमा आणि राखी एकाच दिवशी येतात. दर्याला नारळ द्यायचा, भावाला ओवाळायचं आणि त्याच आठवड्यात बोटींची शेवटची डागडुजी पण असते. दोन महिने बंदीत काढलेले, हातात पैसा नाही. डिझेल, बर्फ, जाळं, इंजिनचं काम सगळं उधारीवर. अशा वेळी घरच्यांना भेट काय द्यायची हा प्रश्न दर वर्षी पडतो. त्यातही काही माणसं अशी की त्यांना काही विचारलं तर एकच उत्तर, “मना काय नको.”

आपल्या एका सभासदाची लेक भोपाळला, अशोका गार्डन भागात दिलेली आहे. तिने सोसायटीत फोन करून हाच प्रश्न विचारला. बापूस साठीच्या पुढे, अजून बोटीवर जातो. दर वर्षी ती शर्ट पाठवते आणि तो शर्ट कपाटात पिशवीसकट राहतो. या वर्षी काय पाठवू? आम्ही कार्यालयात चार जणांनी बसून त्यावर बोललो. मग लक्षात आलं की हे सगळ्यांच्याच घरी आहे, म्हणून हा लेख.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. “काय नको” म्हणणाऱ्याला गरज नसते असं नाही. तो स्वतःवर खर्च करत नाही एवढंच. जाळ्याला पाच हजार घालेल, चष्म्याला दोनशे घालणार नाही. म्हणून तो स्वतः कधीच विकत घेणार नाही, पण दर्यावर किंवा बाजारात रोज कामाला येईल, अशी वस्तू द्या. ती स्वस्तातच मिळते.

बोटीवर जाणाऱ्यासाठी

पहिली वस्तू शिट्टी. प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली घ्या. लोखंडी शिट्टी खाऱ्या पाण्याने गंजते आणि गोळीवाली भिजली की नीट वाजत नाही. रात्री माणूस पाण्यात पडला तर लाटांच्या आणि इंजिनच्या आवाजात त्याची हाक ऐकू येत नाही, शिट्टी ऐकू येते. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. ती लाइफ जॅकेटला दोरीने पक्की बांधून द्या. नुसती हातात दिली तर खिळ्याला टांगलेली राहील.

जॅकेटचं सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक बोटींवर जॅकेट असतात, पण कॅबिनच्या वर पिशवीत बांधलेली, नाहीतर उशाला. तांडेल म्हणतो, जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून काम करताना घालता येईल असं, हात मोकळे राहतील असं अंगाला बसणारं जॅकेट बघा. एकट्याला महाग पडत असेल तर तीन भावंडांनी मिळून बापाला एक द्या. आणि घरातच त्यांच्या अंगावर चढवून पट्टे लावून बघा. लेकीने, नातवाने पट्टा लावून दिला की मोठा माणूस सहसा नाही म्हणत नाही.

दुसरी वस्तू, मोबाईलची पाणी न जाणारी पिशवी. शंभर-दोनशे रुपयांत मिळते. देण्याआधी एक करा. आत कोरडा कागद घालून बंद करा आणि अर्धा तास पाण्याच्या बादलीत दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच मोबाईल घाला.

तिसरी, डोक्याला बांधायची बॅटरी. रात्री पंख्यात जाळं अडकलं, इंजिनमध्ये हात घालायची वेळ आली की एका हातात बॅटरी धरून काम होत नाही. अशी बॅटरी असली की दोन्ही हात मोकळे.

चौथी भेट फुकट आहे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, ऑइल पेंटने बोटीच्या कॅबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून दे: तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, वायरलेसवर चॅनल 16. हे नंबर सगळ्यांना पाठ आहेत असं आपण धरून चालतो. घाबरलेल्या माणसाला घरचा नंबर आठवत नाही, हे कुठून आठवणार? शिवाय नवीन खलाशी बाहेरगावचा असेल तर त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

खलाशासाठी

बोटमालकांना खास सांगणं आहे. खलाशी घर सोडून महिनोन्महिने आपल्या बोटीवर असतो. त्याला भेट म्हणून बाटली देऊ नका. एक जाडसर चादर, हातमोजे आणि घरी बोलायला मोबाईलचा रिचार्ज द्या. त्याच्या आधारचं प्लॅस्टिकचं कार्ड काढलेलं नसेल तर ते मागवून द्या. ऑनलाइन मागवता येतं, थोडक्या पैशात पोस्टाने येतं. कागदाचं आधार बोटीवर दोन फेऱ्यांत लगदा होतं आणि समुद्रात तपासणीला बोट थांबवली की धावपळ आपलीच होते.

बाजारात बसणाऱ्या बाईसाठी

आपल्या आया-बहिणी पहाटे बर्फात हात घालतात आणि दुपारपर्यंत ओल्या जमिनीवर बसतात. त्यांना दर सणाला साडी मिळते. साडी जरूर द्या. पण सोबत रबरी हातमोज्यांचे दोन जोड, बसायला उंच पाट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट द्या. कोळंबीच्या काट्याने बोट चिघळलं की आठवडाभर धंदा बसतो. आणखी एक भेट पैशाविना होते. घरातल्या पुरुषाने कोयता आणि विळी धार लावून आणावी. बोथट कोयत्याने कापताना जोर जास्त लागतो, आणि हात कापतो तो तेव्हाच.

भोपाळच्या लेकीने आईसाठी तिथला मण्यांचा, जरीचा बटवा पाठवायचं ठरवलं होतं. तो बटवा भोपाळची ओळख आहे, सणाला कमरेला शोभून दिसतो. पण बाजारात त्याला मासळीचं पाणी लागणार. आम्ही तिला सांगितलं, बटवा पाठव, पण सोबत चेनवाली रबरी पैशाची पिशवी पण पाठव. एक मिरवायला, एक धंद्याला.

घरी बसलेल्या म्हाताऱ्यासाठी

दर्या सोडला तरी म्हातारा माणूस जाळं शिवायला बसतोच. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. तो सुई लांब धरतो, उन्हात जाऊन बसतो, पण चष्मा मागत नाही. डोळे तपासून जवळचा चष्मा करून द्या. तपासणी महत्त्वाची. मोतीबिंदू निघाला तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. सोबत न्यायला कोणी नाही एवढ्यासाठी वर्षं जातात. तुमचा एक दिवस हीच त्यांची भेट.

आणखी एक. नातवाच्या हातात शंभर पानी वही द्या आणि त्याला आजोबांजवळ बसवा. कुठे पाण्याखाली खडप आहे, खाडीत शिरताना कोणती खूण धरायची, उधाणाला जाळं कुठे टाकायचं आणि भांगाला कुठे, कुठल्या वाऱ्याला परत फिरायचं, हे सगळं लिहून घ्या. जीपीएस आला म्हणून हे जुनं झालं नाही. मशीन बंद पडलं की हेच कामाला येतं. आणि “मना काय नको” म्हणणारा म्हातारा, कोणी असं विचारायला बसलं की, जेवायचं पण विसरतो.

लांब राहणाऱ्यांसाठी

शहरात सुखात असलेल्या लेकी-सुनांना काय पाठवायचं, हा उलटा प्रश्न. भोपाळमध्ये मोठा तलाव आहे. तिथली मासळी गोड्या पाण्यातली, रोहू-कटला. पावसाळ्यात तिथेही 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. आपल्या लेकीला तिथे नाही मिळत ते सुकं बोंबील, जवळा, आणि घरी कांडलेला मसाला. सोडे महाग आहेत, जवळा स्वस्त. कडक वाळलेलं घ्या, तव्यावर हलकं भाजा, पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलं तर वाफेने बुरशी धरते. मग दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. पंजाब मेलने कोणी जाणारं असेल तर डब्यातल्या शेजाऱ्यांना वास येणार नाही आणि माल चांगला पोचेल. स्टीलचा डबा लेकीला राहतो, ती पण एक भेट.

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मोठी भेट

आता मुद्द्याचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50 मध्ये नाव घालता येतं, मृत्यू कसाही झाला तरी 2 लाख. वर्षाच्या मधे नाव घातलं तर पहिला हप्ता त्यापेक्षा कमी बसतो. म्हणजे दोन्ही मिळून 456 रुपयांच्या वर जात नाही. राखीच्या ताटात भावाने टाकलेल्या नोटेतून बहिणीने भावाचाच विमा उतरवावा, असं आम्ही म्हणू.

याशिवाय मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी 25 हजार. याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला काही भरावं लागत नाही. पण नाव यादीत असायला पाहिजे. आपलं नाव आहे की नाही हे घरबसल्या कळत नाही, विचारायला यावं लागतं.

दोन गोष्टी जपा. एक, या दोन बँक-विम्यांचं वर्ष 1 जून ते 31 मे. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो, आणि नेमकं तेव्हाच बंदी तोंडावर असते, खातं रिकामं असतं. पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरी कोणाला पत्ता नसतो. दोन, वारसाचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असलं की बाईला चार कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. माणूस दर्यात बेपत्ता झाला असेल तर ते आणखी लांबतं. त्या वेळी तिच्या हातात नीट कागद असणं यापेक्षा मोठी भेट नवरा तिला देऊ शकत नाही.

नारळी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सोसायटीचं कार्यालय उघडं ठेवलं आहे. पासबुक, आधार आणि वारसाचं आधार घेऊन या. फॉर्म आम्ही भरून देऊ, गट विम्याच्या यादीत नाव आहे का तेही बघू. येताना “मना काय नको” म्हणणाऱ्याला सोबत घेऊन या, सही त्याचीच लागते.

दर्या शांत राहो, सगळ्या बोटी भरून सुखरूप बंदरात येवोत.

आपला,
सचिव