डाग कुणाचा? आकाशाचा की कॅमेऱ्याचा?

समजा दिवाळीच्या अमावास्येला गावाबाहेर जाऊन तुम्ही दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचे चांगले १६ फोटो काढलेत. संगणकावर ते एकावर एक रचलेत. अन् पाहता तर काय! दीर्घिका दिसतेय खरी, पण कोपरे काळवंडलेले, मध्येच राखाडी कडी आणि वर लाल-हिरव्या रेघोट्या!

घाबरू नका. आधी फोटो रचायचे कशाला, ते पाहू. गोंगाटात बाईंचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं, की कळतं ना? वाक्य तेच, गोंगाट मात्र दर वेळी वेगळा. तसंच हे. १६ फोटोंची सरासरी काढली, की फोटोतली खरखर चौथ्या हिश्शावर येते.

पण दर फोटोत त्याच जागी असलेला दोष सरासरीनं जात नाही. उलट उठून दिसतो! मग त्या दोषाचाच फोटो काढायचा.

कडी म्हणजे कॅमेऱ्यातल्या धुळीच्या सावल्या. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून संधिप्रकाशातल्या आकाशाचा फोटो घ्या. हा ‘फ्लॅट’. मूळ फोटोला यानं भागलं, की कडी आणि काळे कोपरे दोन्ही जातात. मात्र मध्ये कॅमेरा काढलात किंवा फिरवलात, तर एका कड्याची दोन होतील : एक काळं, एक पांढरं!

रेघोट्या उमटतात त्या उजेड नसतानाही चमकणाऱ्या ‘हॉट पिक्सेल’मुळे. झाकण लावून, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानात फोटो घ्या. हा ‘डार्क’. तो वजा करायचा. शिवाय दर फोटोआधी दुर्बीण किंचित वेगळ्या दिशेला सरकवायची, म्हणजे उरलेसुरले ठिपके एकाच रांगेत येत नाहीत.

हबल दुर्बिणीनंही हेच केलं बरं का! डिसेंबर १९९५ मध्ये तिनं सप्तर्षीतल्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या इवल्याशा तुकड्याचे दहा दिवसांत ३४२ फोटो घेतले. काही शास्त्रज्ञांना वाटत होतं, एवढा मोलाचा वेळ फुकट जाणार. पण संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या राखीव वेळातून तो दिला. फोटो साफ करून रचले, तर सुमारे ३००० दीर्घिका दिसल्या! कित्येक नुसत्या पुसट ठिपक्यांएवढ्या.

म्हणून डाग दिसला, की लगेच खोडू नका. आधी विचारा, हा कॅमेऱ्यातला की आकाशातला? नाहीतर धुळीबरोबर एखादी दीर्घिकाच पुसून टाकाल!