बेगम बाजार : मुसीच्या काठची पेठ

हैदराबाद शहराच्या मधून मुसी नदी वाहते. तिच्या दक्षिणेस चारमिनारचे जुने, तटबंदीचे शहर. उत्तरेस, तटाबाहेर, बेगम बाजार. दुसरे निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही भूमी व्यापाऱ्यांस दिली, म्हणून पेठेस हे नाव मिळाले. सुका मेवा, मसाले, भांडी अशा मालाची ही घाऊक पेठ आजही गजबजलेली आहे.

परंतु ज्या नदीकाठी पेठ वाढली, त्याच नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिच्यावर घाला घातला. वरच्या अंगास अतिवृष्टी होऊन दोनशेंहून अधिक तळी फुटली आणि तो लोंढा शहरात शिरला. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानतात. अफजलगंजजवळ एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जण वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

यावर उपाय सुचविण्यासाठी विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पाणी शहरात अडविण्यापेक्षा ते वरच धरावे, हे त्यांचे सूत्र होय. त्यातून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. पुराला आळा बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

तथापि जलाशय भरला की दरवाजे उघडावेच लागतात. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत तसेच घडले. धरण पुराला विलंब लावते. पाण्याला वाट मात्र नदीपात्रच देते. ती वाट मोकळी ठेवणे हे काठच्या प्रत्येक पेठेचे हित आहे.