विमानप्रवासांत स्वतःचा हेडफोन

महाड-पोलादपुराकडील वृद्ध मंडळी हल्लीं परदेशस्थ मुलानातवंडांस भेटावयास जाऊं लागलीं आहेत; ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन होऊन रायगड जिल्ह्यांतच विमानतळ झाला. अशा प्रवाशांनीं घरचाच हेडफोन बरोबर न्यावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों. विमानांतील हेडफोन बहुधा सैल व हलका. मग यंत्रांच्या घरघरीवर मात करण्यासाठीं आवाज वाढवीत जावा लागतो, आणि उतारवयांतील कानांस तें अपायकारक होय.

अडचण खुर्चीच्या हातापाशीं येते. पुष्कळ विमानांत तेथें दोन छिद्रें असतात, एक डाव्या कानाचें व एक उजव्याचें. घरची साडेतीन मिलिमीटर जाडीची एकच पिन त्यांपैकीं एकांत बसविली तर पुष्कळदां एकाच कानीं ऐकूं येतें, आणि आजोबांस वाटतें कीं आपला दुसरा कान गेला! दोन पिनांचा स्वस्त जोड मिळतो, तो लावावा. १९६० नंतरच्या दशकांत तर ध्वनि डॉक्टरांच्या नळीसारख्या पोकळ नळ्यांतूनच कानीं येई. बिनतारी हेडफोन असल्यास ब्लूटूथचें छोटें प्रेषकयंत्र त्या छिद्रांत खोंचावें लागतें. कांहीं नव्या विमानांत त्याचीहि गरज नसते. सुरक्षेच्या सूचना चालूं असतां मात्र हेडफोन काढून ठेवावा. आणि उतरतांना जोड खुर्चींत राहूं देऊं नये. परतीच्या प्रवासांत तो पुनः लागतोच.