नकाराची जागा : ब्राउझरमधल्या सॉकेटचा मागोवा

वेबपान उघडणं म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला कोड आपल्या मशीनवर, आपल्या नेटवर्कच्या आतून चालवणं. ऑफिसातल्या संगणकावर एखादं पान उघडलं, की त्या पानातला कोड फायरवॉलच्या अलीकडे येऊन बसतो. त्याला हवं तिथे टीसीपी कनेक्शन जोडू दिलं, तर आतले प्रिंटर, डेटाबेस, मेल सर्व्हर सगळेच त्याच्या हाताशी येतात. म्हणून ब्राउझरमध्ये सॉकेट आणणाऱ्या प्रत्येक तंत्राला एक गोष्ट आधी ठरवावी लागली: परक्या डोमेनशी बोलायची परवानगी कोण देणार आणि ती पाळली जाते की नाही हे कोण बघणार. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे बघण्याचं काम ब्राउझरच्या बाजूकडून सर्व्हरच्या बाजूला सरकलं. त्याबरोबर बिघाडाची दिशाही उलटली. पूर्वी चालायला हवं ते चालत नसे. आता चालायला नको ते बिनबोभाट चालतं. बिघाड शोधायच्या आपल्या सवयी मात्र अजून पहिल्याच काळातल्या आहेत, आणि नुकसान तिथे होतं आहे.

सुरुवात जावा ॲप्लेटपासून झाली. ॲप्लेट ज्या यजमान सर्व्हरवरून आलं, फक्त त्याच्याशीच त्याने बोलायचं, असा साधा नियम होता. तो नियम नावावर उभा होता, आणि नावाचा पत्ता डीएनएसवरून कळतो. १९९६ च्या फेब्रुवारीत प्रिन्स्टनच्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी दाखवून दिलं, की डीएनएस हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर तो आपल्याच नावापुढे दुसऱ्याच्या मशीनचा पत्ता लावू शकतो, आणि ॲप्लेट बिनदिक्कत तिथे जाऊन पोचतं. पुढे फ्लॅश आलं. २००० सालच्या फ्लॅश प्लेअर ५ मध्ये एक्सएमएल-सॉकेट होतं. त्याला आपल्याच डोमेनवर आणि १०२४ किंवा त्यापुढच्या पोर्टवरच जाता येई. २००३ च्या सातव्या आवृत्तीने क्रॉसडोमेन फाइल आणली, म्हणजे सर्व्हरने स्वतः जाहीर केलेली परवानगी. २००६ मध्ये नवव्या आवृत्तीबरोबर बायनरी सॉकेट हाती आलं आणि पानातून जवळपास कुठलाही प्रोटोकॉल बोलता येऊ लागला. लगेच पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोच १९९६ चा डीएनएसचा धागा पुन्हा ओढला. जाहिरातींवर शंभर डॉलरपेक्षा कमी खर्च करून एक लाख आयपी पत्ते तात्पुरते वापरता येतील, एवढा स्वस्त हा हल्ला असल्याचं त्यांनी मांडलं.

अ‍ॅडोबीचं फ्लॅशमधलं उत्तर दोन टप्प्यांत आलं: डिसेंबर २००७ च्या ९.०.११५ आवृत्तीत आणि एप्रिल २००८ च्या ९.०.१२४ मध्ये. त्यानंतर सॉकेट उघडायचं तर सॉकेटसाठीची वेगळी पॉलिसी फाइल लागणारच, मग तुम्ही आपल्याच डोमेनशी बोलत असलात तरी. एचटीटीपीवर ठेवलेली फाइल सॉकेटसाठी बाद झाली. चालू असलेले गेम, चॅट, शेअरभावाच्या पट्ट्या या एका अपडेटने बंद पडल्या, आणि डेव्हलपरांच्या नशिबी एरर २०४८ आला. त्यामागची यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. प्लेअर आधी ८४३ या पोर्टवर जाई आणि कोनी कंसांत ‘पॉलिसी-फाइल-रिक्वेस्ट’ लिहिलेली एक ओळ पाठवी. ती बावीस अक्षरं आणि शेवटी एक शून्य बाइट, एकूण तेवीस. उत्तरात एक्सएमएल आणि त्याच्याही शेवटी शून्य बाइट. तीन सेकंदांत ८४३ वरून काही आलं नाही, तर प्लेअर ज्या पोर्टशी खरं काम आहे त्याच पोर्टवर जाऊन तीच ओळ पाठवी, तिथे परवानगी मिळाली तर ते कनेक्शन सोडून देई आणि नव्याने जोडणी करी. हे ठाऊक नसलेल्या सर्व्हरला आपल्या प्रोटोकॉलचा पहिला निरोप म्हणून हा कोनी कंसांतला मजकूर मिळे आणि तो गोंधळून जाई. टेलनेटने तपासायला जावं, तर टेलनेट ओळीशेवटी शून्य बाइट घालत नाही, त्यामुळे धडधाकट सर्व्हरही मुका वाटे. फायरवॉल पॅकेट नाकारत असेल तर निकाल तत्काळ लागे. ती पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तर प्रत्येक जोडणीला तीन सेकंदांचा अडखळा येई, आणि लोक दोष नेटवर्कच्या वेगाला देत. शिवाय ८४३ हा १०२४ च्या आतला पोर्ट, युनिक्सवर तो धरायला रूटचे अधिकार लागत. मोठ्या पोर्टवरून दिलेली पॉलिसी लहान पोर्टांची परवानगी देऊ शकत नसे. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटने हाच आराखडा ९४३ पोर्टवर उचलला आणि सॉकेटला ४५०२ ते ४५३४ एवढीच पोर्टं मोकळी ठेवली.

या व्यवस्थेला तेव्हा जेवढे शिव्याशाप मिळाले तेवढे तिने ओढवून घेतलेही होते. तरी तिच्यात एक गुण होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो: गप्प राहणं म्हणजे नकार. ज्या मेल सर्व्हरने फ्लॅशचं नावही ऐकलेलं नव्हतं तो आपोआप सुरक्षित होता, कारण त्याच्या मालकाने काही करायचं विसरलं तरी दार बंदच राहणार. शिवाय बिघाड लगेच आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिसे. प्लेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पॉलिसीचा लॉग चालू केला, की कुठली फाइल मागितली, ती का नाकारली, हे ओळीने वाचता येई. यावर नेहमीचा आक्षेप असा, की त्रासाला कंटाळून लोकांनी डोमेनच्या जागी तारांकन लिहिलं, सगळ्यांना सगळं खुलं केलं, आणि सुरक्षितता कागदावरच राहिली. आक्षेपात तथ्य आहे. उदाहरणादाखल दिलेल्या फाइलींतलं तारांकन जसंच्या तसं कितीतरी ठिकाणी पोचलं. पण ते तारांकन एका सर्व्हरच्या, नेमून दिलेल्या पोर्टांपुरतं होतं, ते कुणीतरी मुद्दाम लिहिलं होतं, आणि बाहेरचा कोणीही तेवीस बाइट पाठवून ते वाचू शकत होता. चुकीची परवानगी लिहिलेली असणं आणि परवानगीचा प्रश्नच कुणी न विचारणं, यांतला फरक लहान नाही.

वेबसॉकेटचा आराखडा २००८ पासून आकार घेत होता. क्रोमने तो चौथ्या आवृत्तीत आणला, आणि डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ प्रसिद्ध झालं. या आराखड्याने अर्धा प्रश्न फार सुंदर सोडवला. वेगळी फाइल नाही, वेगळा पोर्ट नाही. ब्राउझर हस्तांदोलनात एक किल्ली पाठवतो. सर्व्हर तिच्यापुढे मानकात ठरवून दिलेली एक अक्षरमाला जोडून त्याचा शा-१ काढतो आणि परत पाठवतो. हे गणित न येणारा मेल सर्व्हर वेबसॉकेट सर्व्हर म्हणून खपूच शकत नाही. मधल्या प्रॉक्सींना फसवून त्यांच्या कॅशमध्ये भलतंच भरता येतं हे २०१० च्या अखेरीस पुढे आलं, तेव्हा फायरफॉक्स आणि ऑपेराने वेबसॉकेट काही काळ बंद ठेवलं, आणि ब्राउझरकडून जाणारा प्रत्येक निरोप बत्तीस बिटांच्या यादृच्छिक किल्लीने झाकायचं मानकातच ठरलं. ‘मला वेबसॉकेट कळतं’ हे सर्व्हरने सिद्ध करायचं ठरलं. ‘मला या डोमेनच्या पानाशी बोलायचं आहे’ हे मात्र सिद्ध करायचं राहिलं. ब्राउझर ओरिजिन हेडरमध्ये पान कुठलं आहे ते प्रामाणिकपणे सांगतो, सोबत कुकीही पाठवतो, आणि थांबतो. बघायचं सर्व्हरने. फ्लॅशच्या काळात दारावर पाटी होती आणि ती वाचून परत फिरायची सक्ती पाहुण्यावर होती. आता पाहुणा नाव सांगून सरळ आत येतो, आणि नाव ऐकणारं कुणी घरात आहे का, हे घरमालकावर सोडलेलं आहे. सर्व्हरने ते ऐकलं नाही तर काहीच मोडत नाही, सगळं छान चालतं. क्रिस्टियन श्नायडर यांनी २०१३ मध्ये क्रॉस-साइट वेबसॉकेट हायजॅकिंग या नावाने हीच त्रुटी मांडली: तुम्ही लॉग-इन असताना भलतंच पान तुमच्या कुकीनिशी तुमच्या खात्याचं सॉकेट उघडतं, आणि येणारं उत्तर वाचतंही.

इथे दोन हरकती हमखास येतात. पहिली, ओरिजिन हेडर खोटं लिहिता येतं, मग ते तपासून काय मिळतं? हल्लेखोर स्वतःच्या प्रोग्रॅममधून खोटं ओरिजिन नक्कीच पाठवू शकतो, पण त्या प्रोग्रॅमकडे दुसऱ्याची कुकी नसते आणि तो दुसऱ्याच्या फायरवॉलच्या आतही नसतो. या दोन्ही गोष्टी ज्या ब्राउझरकडे आहेत, तो पानाला ओरिजिन बदलू देत नाही. तपासणी याच एका प्रसंगासाठी आहे आणि त्यात ती पुरेशी आहे. दुसरी हरकत जास्त वजनाची: कुकीवर विसंबू नका, टोकन वापरा, शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून कुकीची सेमसाइट ही खूण मुळातच ‘लॅक्स’ (म्हणजे परक्या साइटवरून उघडलेल्या सॉकेटसोबत कुकी न पाठवणारी) धरली जाते, मग हा हल्ला उरलाच कुठे? टोकन चांगलंच, ते वापरावं. पण लॅक्सची ही मूळ ठरवणूक सगळ्याच ब्राउझरांनी स्वीकारलेली नाही, आणि एकाच मूळ डोमेनच्या दोन उपडोमेनांमध्ये ती अडवतही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की कित्येक सॉकेट सर्व्हरांना कुकी लागतच नाही. आपल्याच लॅपटॉपवर १२७.०.०.१ वर चालणारी साधनं समोरच्याला ओळख विचारत नाहीत. ‘याच मशीनवरून आला’ एवढं त्यांना पुरतं, आणि ब्राउझरमधलं प्रत्येक पान त्याच मशीनवरून येतं.

बिघाड शोधणाऱ्याची खरी कोंडी इथून पुढे आहे. वेबसॉकेट जोडलं गेलं नाही, तर पानातल्या स्क्रिप्टला फक्त १००६ हा कोड मिळतो. नाव सापडलं नाही, पोर्ट बंद होता, प्रमाणपत्र चुकीचं होतं की सर्व्हरने ४०३ दिला, यातलं काहीही स्क्रिप्टला कळता कामा नये, असं मानकच सांगतं. कारण ते कळलं तर पानाला तुमच्या घरच्या नेटवर्कची झडती घेता येईल. हे मौन योग्य आहे. पण कारण न कळलेला डेव्हलपर सगळी दारं उघडून बघतो. ‘गो’ भाषेतल्या गोरिला या लायब्ररीचंच घ्या. तिथे ओरिजिन तपासणारं फंक्शन दिलं नाही, तर ती ओरिजिन आणि होस्ट जुळतात का हे स्वतःच बघते आणि न जुळल्यास नकार देते. हा समंजस नकार घालवायला लोक ते फंक्शन लिहून त्यात एकच ओळ टाकतात: नेहमी ‘ट्रू’. एरर जातो, काम पुढे सरकतं, आणि ती ओळ प्रॉडक्शनवर पोचते. खरं कारण बहुतेकदा मधल्या प्रॉक्सीत असतं. एनजिनेक्स वेगळं सांगितल्याशिवाय मूळ होस्ट हेडर पुढे पाठवत नाही, मागच्या सर्व्हरचंच नाव त्या जागी घालतो. मग ओरिजिनशी ते जुळणार कसं? अपग्रेड आणि कनेक्शन ही हेडरंही तो स्वतःहून पुढे देत नाही, त्यामुळे हस्तांदोलन अर्ध्यावर तुटतं. कधी यादीत पत्ता पोर्टशिवाय लिहिलेला असतो, कधी एचटीटीपीएसच्या जागी एचटीटीपी, कधी पान सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये असतं आणि ओरिजिन म्हणून ‘नल’ हा शब्द येतो. यातलं काहीही स्क्रिप्टच्या कन्सोलमध्ये शोधून सापडत नाही. शोध सर्व्हरच्या लॉगपासून सुरू करायला हवा: विनंती पोचली का, पोचली तर ओरिजिन आणि होस्ट अक्षरशः काय आले. रूबी ऑन रेल्सच्या ॲक्शन केबलमध्ये नाकारलेलं ओरिजिन लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं जातं, आणि त्या एका ओळीने सगळा शोध संपतो. आणि तपासणीचा दुसरा अर्धा भाग, जो फ्लॅशच्या काळात लागतच नसे, तोही केला पाहिजे: मुद्दाम चुकीचं ओरिजिन पाठवायचं आणि ४०३ येतो का ते बघायचं. चालतंय म्हणून फाइल बंद करणं या तंत्रात पुरत नाही.

हे वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर विकासकांच्या स्वतःच्या हत्यारांकडे बघावं. कोड बदलला की पान आपोआप ताजं व्हावं म्हणून वेबपॅकचा डेव्हलपमेंट सर्व्हर वेबसॉकेटवरून निरोप पाठवतो. हा सर्व्हर ओरिजिन तपासत नाही, त्यामुळे कुठलंही पान त्याला जोडून डेव्हलपरचा कोड चोरू शकतं, हे २०१८ मध्ये नोंदलं गेलं. त्यानंतर लोकप्रिय झालेल्या व्हीट या दुसऱ्या डेव्हलपमेंट सर्व्हरमध्ये नेमकी तशीच उणीव जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. दोन्ही प्रकल्पांत जाणती माणसं काम करतात. चूक पुन्हा घडली ती अज्ञानाने नव्हे. विसरलेल्या तपासणीने कुणाचंच काही अडत नाही, म्हणून ती विसरली गेल्याचं कळत नाही. व्हीटने दुरुस्ती करताना वेबसॉकेटला टोकन लावलं, आणि होस्ट हेडरमधलं नाव यादीत नसेल तर विनंती नाकारायचीही सोय केली. ही दुसरी सोय म्हणजे १९९६ च्या डीएनएसच्या युक्तीवरचाच बांध. प्रॉक्सीमागे किंवा वेगळ्या डोमेननावाने व्हीट चालवणाऱ्या अनेकांची चालती मांडणी त्या अपडेटने अडली आणि पुष्कळ कुरकुर झाली. पण त्यांच्यासमोर आलेला संदेश २०४८ सारखा नव्हता. कुठलं होस्ट नाकारलं, आणि ते हवंच असेल तर कुठल्या फाइलीत, कुठल्या सेटिंगखाली, कोणतं नाव लिहायचं, हे सगळं त्यात होतं.