काट्याने काटा काढणारी कल्हई

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी वसईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला. गावकरी त्या उंचवट्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. धातूंचा हा क्रम मोलाने लावला असेल. पण आम्लापुढे कोण किती टिकतो हे पाहिले, तरी तांबे, चांदी, सोने असाच क्रम येतो.

सोन्याचे पातेले कुणाच्या चुलीवर चढत नाही. वसईच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदले ते तांबे-पितळ, आणि त्यांच्या सोबतीला चिंच, कोकम, ताक. कल्हई उडालेल्या पातेल्यातली कढी हिरवट पडते, जिभेला कडवट लागते, पोटात ढवळते. तेवढ्यासाठी मराठीने वेगळे क्रियापदच ठेवले आहे: कढी ‘कळकते’.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. तांबे मात्र स्वस्थ राहते. आम्लातला हायड्रोजन हुसकावण्याची ताकद त्याच्यात नाही. पण हवेतला ऑक्सिजन आम्लाला साथ देतो आणि तांब्याचे क्षार हळूहळू अन्नात उतरतात. भांड्यात अन्न जितके जास्त वेळ राहील, तितके ते जास्त कळकते.

यावर उतारा कल्हईवाल्याकडे असतो. तो आधी भांडे घासतो. मोठे भांडे असेल तर वाळू टाकून आत उभा राहतो आणि पायांनी गरगर फिरत घासतो. मग भाता चालतो. भांडे तापले की त्यात नवसागर पडतो. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. वर जाता जाता ते पुन्हा एकत्र येतात, तोच तो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर. आत मात्र हायड्रोजन क्लोराइडने तांब्यावरचा काळा ऑक्साइड खाल्लेला असतो. उघड्या पडलेल्या त्या धातूवर कथील टेकवले की ते वितळते, कारण त्याला २३२ अंश सेल्सिअस पुरतात. कापसाच्या बोळ्याचा एक हात फिरतो आणि लाल तळ रुपेरी होतो. आंबटापासून वाचवणारा थर आम्लाच्याच मदतीने चिकटतो.

कथील खरे तर तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. पण अन्नातल्या सौम्य आम्लांत ते फार सावकाश झिजते, आणि उतरलेला त्याचा अंश तांब्याइतका बाधत नाही. सावकाश का होईना, ते झिजतेच. म्हणून कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते.

वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत मुलामा चढवण्याआधी लोखंड ऍसिडच्या टाकीत बुडवतात, तेही याच कारणाने: गंज आणि पापुद्रा निघाल्याशिवाय वरचा थर धरत नाही. तिथे वेळेचे भान हवे. गंज संपला की आम्ल लोखंडालाच खाऊ लागते.

स्टेनलेस स्टीलने कल्हईवाल्याची हाक गल्लीतून जवळजवळ पुसली. त्यातले क्रोमियम हवेशी संयोग पावून अतिशय पातळ थर धरते, आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. ही सोय मोठी आहे. पण माळ्यावर आजीचे पातेले असेल तर एकदा उतरवून त्याचा तळ पाहा. लाल-पिवळा धातू दिसत असेल, तर कल्हई झाल्याशिवाय त्यात आंबट शिजवू नका. आणि कल्हईवाला भेटला, तर धूर उठेपर्यंत शेजारी उभे राहा. शाळेच्या प्रयोगशाळेतले रसायनशास्त्र तिथे रस्त्याच्या कडेला, भात्याच्या तालावर चाललेले असते.