भूदृश्य वास्तुकलेतील साहित्य व घडण
इमारतींभोवतालची मोकळी जागा, उद्याने, रस्ते, जलाशयांचे काठ इत्यादींच्या रचनेचे शास्त्र व कला म्हणजे भूदृश्य वास्तुकला होय. दगड, माती, चुना, लाकूड, वनस्पती यांचे गुणधर्म व घडण हा तिच्या शिक्षणातील महत्त्वाचा भाग आहे. हार्व्हर्ड विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम १९०० मध्ये सुरू झाला. भारतात पदव्युत्तर शिक्षणाची सोय प्रथम दिल्लीत, १९७० नंतरच्या दशकात झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या भानुबेन नानावटी वास्तुकला महिला महाविद्यालयात तशी सोय आहे.

भूदृश्यातील साहित्य छपराखाली नसते. ऊन, पाऊस, मुळांचा रेटा व ओल्या मातीचा दाब त्यास सोसावा लागतो. त्यामुळे पाण्यास वाट ठेवणे हा घडणीचा पहिला नियम ठरतो.

या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका अभ्यासण्याजोगा आहे. पश्चिमेस डोंगराळ व पूर्वेस सपाट असा हा प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा काळा दगड कठीण, जड (सापेक्ष घनता सु. २·८ ते ३·०) व पाणी फारसे न शोषणारा असतो. रामशेज किल्ल्यावरील टाकी याच खडकात खोदलेली आहेत. त्याच्या झिजेतून मुरूम व काळी माती बनते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते. उन्हाळ्यात मातीस भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट घातलेली काँक्रीटची फरशी तडकते. माती काढून मुरमाचा थर दाबून त्यावर सुटे दगड बसविल्यास ते जमिनीबरोबर थोडे हलतात व पुन्हा बसविताही येतात. उतारावरील दगडी तालींचेही तसेच आहे. लांब दगड आत घुसवून, भिंत उताराकडे किंचित कलती ठेवून व फटींत चिपा ठोकून रचलेली कोरडी ताल पाणी झिरपू देते. निचऱ्याची छिद्रे न ठेवलेली सिमेंटची भिंत मात्र पावसाळ्यात फुगून कोसळू शकते.

तथापि स्थानिक दगड म्हणजे निर्दोष साहित्य, ही समजूत बरोबर नाही. खाणींमुळे टेकड्या नाहीशा होतात. सिमेंटच्या दर टनामागे सु. ०·६ ते ०·९ टन कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. चुनखडी भाजतानाही तो सुटतो, मात्र चुना घट्ट होताना त्याचा काही भाग पुन्हा शोषून घेतो.

द्राक्षबागांसाठी खोदलेली शेततळी हे या प्रदेशातील नवे भूदृश्य होय. त्यांत अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदामुळे उन्हाळ्यापुरते पाणी टिकते, पण ते जमिनीत मुरत नाही. उन्हाने कागद कालांतराने ठिसूळ होतो व त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न उरतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे निसरड्या काठांवरून पाण्यात पडलेल्या माणसास वा जनावरास वर येता येत नाही. तारेचे कुंपण, काठास बांधलेला दोर किंवा खडबडीत पायऱ्या ही येथे शोभेची अंगे नव्हेत. ती तळ्याच्या मूळ आराखड्यातच असावी लागतात.

हे ज्ञान केवळ आराखड्यावरून येत नाही. विद्यार्थ्यांनी गवंड्याबरोबर काही मीटर ताल स्वतः रचावी आणि एक पावसाळा गेल्यावर ती पुन्हा पाहावी, ही पद्धत त्यामुळे अधिक उपयुक्त ठरते.