बॅलराट ते बेंडिगो : सोन्याच्या मुलखातून

मेलबर्न

मुलांकडे आलेले आपले आईवडील इथे सोन्याचा मुलूख बघायला निघाले, की बहुधा बॅलराटच्या सॉव्हरिन हिलवर दिवस घालवून परततात. माझं आग्रहाचं सांगणं, एक मुक्काम वाढवा आणि गाडी कासलमेनवरून बेंडिगोपर्यंत न्या. जाऊन-येऊन साधारण ४०० किलोमीटर होतात. गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात. फक्त दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठा, त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात.

१८५१ साली इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. सोनं मिळो न मिळो, खणणाऱ्याला परवान्याचे पैसे भरावेच लागत. मताचा अधिकार मात्र नव्हता. बॅलराटच्या खाणकऱ्यांनी युरेका इथे लाकडी तटबंदी उभारली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैनिक आणि पोलीस तिच्यावर तुटून पडले. वीसहून अधिक खाणकरी मेले. पण राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने एकालाही दोषी ठरवलं नाही. पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला, आणि त्याच्यासोबत मताचा अधिकार. या लढ्यात हात गमावलेला पीटर लेलर विधिमंडळात जाऊन बसला. हौसेने सोनं शोधणाऱ्यांना लागणारा सरकारी परवाना आजही ‘मायनर्स राइट’ याच नावाने मिळतो.

त्याच १८५५ साली सरकारने व्हिक्टोरिया वसाहतीच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या वसाहतीतल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींवर आले. हक्क देणारं आणि नाकारणारं सरकार एकच होतं, हे मनात ठेवूनच पुढची वाट चालावी.

कासलमेनजवळ पेनीवेट फ्लॅटची स्मशानभूमी आहे. १८५० च्या दशकात तिथे सुमारे दोनशे जणांना पुरलं, त्यांत बहुतेक लहान मुलं. ओढ्यांचं पाणी खणून खणून घाण झालं होतं, त्यातून रोगराई पसरली. दगडांनी आखलेल्या त्या छोट्या जागा बघताना पाय जड होतात, पण गाडी तिथे थांबवाच. आसपासच्या रानात जुने उघडे खड्डे आहेत, तेव्हा पायवाट सोडू नका.

बेंडिगोला सेंट्रल डेबोरा ही १९५४ साली बंद पडलेली खाण आत उतरून बघता येते. गोल्डन ड्रॅगन म्युझियमला तर निवांत अर्धा दिवस द्या. ईस्टरच्या मिरवणुकीत तिथला चिनी ड्रॅगन अजून निघतो आणि अख्खं गाव रस्त्यावर येतं. त्या दिवसांत जाणार असाल, तर खोल्या कितीतरी आधी राखून ठेवा.